वडिलांच्या मृत्यूची नोंद सापडत नाही, वारस नोंद अडली आहे

प्रश्न: माझे वडील २९ डिसेंबर २००६ रोजी वारले. सातबारावर वारस नोंद लावायची तर तलाठी मृत्यूचा दाखला मागतात. गावच्या ग्रामसेवकांनी तोंडी सांगितलं की नोंद नाही. शेवटचे दोन दिवस वडील तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात होते, तिथेच गेले. एक एजंट दाखला काढून देतो म्हणतो. की कोर्टात जावं?

उत्तर: कोर्टाची वेळ अजून आलेली नाही, आणि एजंटच्या नादी तर लागूच नका. वडील रुग्णालयात वारले, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. पण घोडं तिथेच अडलंय. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. त्यामुळे ग्रामपंचायतीत नोंद नसणं साहजिक आहे. रुग्णालयातला मृत्यू कळवण्याची जबाबदारीही जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची असते, घरच्यांची नव्हे. म्हणजे नोंद झालेली असण्याची शक्यता चांगलीच आहे.

रुग्णालय नगरपरिषदेच्या हद्दीत असेल, तर तिथल्या जन्म-मृत्यू विभागात शोधासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात २००६ आणि २००७ अशी दोन्ही वर्षं लिहा. नोंदणी क्रमांक दर कॅलेंडर वर्षी नव्याने सुरू होतात आणि मृत्यू कळवायला २१ दिवसांची मुदत असते. २९ डिसेंबरला गेलेल्या माणसाची नोंद जानेवारीच्या पानावर सहज असू शकते. लिपिक २००६ चं रजिस्टर चाळून हात झटकतो आणि तुम्ही निमूट परत येता, असं व्हायला नको. वडिलांना सगळे ज्या नावाने हाक मारत, तेही लिहा. घाईत नातेवाइकाने सांगितलेलं ‘अण्णा’ किंवा ‘बापू’ रजिस्टरमध्ये तसंच उतरलेलं असतं. तसं निघालं तर पुराव्यानिशी याच अधिनियमाच्या कलम १५ खाली दुरुस्ती करून मिळते. रुग्णालयाकडेही त्या दिवसाच्या मृत्यू नोंदवहीची प्रत मागा.

इतकं करूनही नोंद निघाली नाही, तर ‘नाही’ हे लेखी घ्या. त्यासाठी नमुना १० मधला अनुपलब्धता दाखला असतो. पुढची वाट त्याच्यावरच आहे. एक वर्षाहून जुना मृत्यू नोंदवायला पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा, म्हणून अजूनही लोक कोर्टाचं नाव घेतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे. तुमच्या तालुक्यात नेमका कोणाकडे, हे अर्ज करण्याआधी विचारा. अधिकार नसलेल्याने काढलेला आदेश पुढे तुमच्याच गळ्यात येईल. अर्जासोबत रुग्णालयाचे कागद, स्मशानाची पावती, नाव कमी केलेलं रेशनकार्ड, पोलीस पाटलांचा जबाब, असं जे हाताशी असेल ते जोडा. रुग्णालयाचा कागद एक जरी मिळाला तरी बाकीच्यांवर भार फार पडत नाही.

निबंधकाने, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणाऱ्या अधिकाऱ्याने, अर्ज घेतला नाही किंवा नाकारला, तर ३० दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करता येतं. तोंडी नकारावर अपील करणं अवघड, म्हणून तर मी पोच-पोच करतोय.

एजंटच्या दाखल्यामागे रजिस्टरमधली नोंद नसेल, तर तो कागदाचा चिठोरा. पडताळणीत तो उघडा पडला की वारस नोंद बाजूला राहील आणि बनावट दस्त वापरल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल.

जमीन हातची जाईल, ही भीती मात्र बाळगू नका. वारसांचा हक्क वडील गेले त्याच दिवशी निर्माण झाला. फेरफार त्याची महसुली नोंद आहे, उशिराने हक्क बुडत नाही. तलाठ्यांकडे वारस नोंदीचा अर्ज आजच देऊन ठेवा, दाखला मिळाला की जोडा.