सरांच्या कागदांना हात लावण्यापूर्वी

बडोदे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सरांच्या दांडिया बाजारातल्या घरातून निघालेली २७ खोकी आणि अभ्यासिकेतली दोन कपाटे काकूंनी विश्वासाने तुझ्या हवाली केली, हे वाचून समाधान वाटले. व्यवस्थापनशास्त्र शिकवण्यात आणि पुढे ती विद्याशाखा चालवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे कागद रद्दीत जाण्याऐवजी एका जाणत्या मुलीच्या हाती पडले, हे आपल्याकडे क्वचित घडते. तू लिहितेस की अध्यापन, संशोधन, प्रशासन, पत्रव्यवहार आणि खासगी असे पाच गठ्ठे करून, दुबार प्रती काढून टाकून, दिवाळीपूर्वी सूची पुरी करण्याचा तुझा विचार आहे. तुझी तळमळ मला दिसते. पण हे पाच गठ्ठे तू करू नयेस, एवढे सांगण्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसलो आहे.

मी तिशीत असताना एका निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांचा संग्रह माझ्याकडे आला होता. मीही उत्साहाने सगळ्या फायली सोडल्या, पत्रे पाठवणाऱ्यांच्या आडनावांनुसार लावली, जमाखर्चाचे तक्ते वेगळे काढले आणि अर्ज तिसरीकडे ठेवले. काही वर्षांनी एक अभ्यासक आले. बंद करायचे ठरलेले रात्रीचे वर्ग ऐनवेळी चालू का राहिले, हे त्यांना शोधायचे होते. एका कामगार विद्यार्थ्याचा अर्ज, एका विश्वस्ताचे पत्र आणि खर्चाचा एक कागद असे तीन कागद एकत्र टोचलेले होते आणि उत्तर त्या एकत्र असण्यातच होते. मी ते तीन ठिकाणी पोहोचवले होते. तिन्ही कागद संग्रहात सुखरूप होते, पण ते एकमेकांचे आहेत हे सांगणारे काहीच उरले नव्हते. टाचणीची भोके जुळवून आणि गंजाचे डाग ताडून आम्ही तेवढी एक फाईल पुन्हा उभी केली. बाकीच्या फायली कायमच्या मोडल्या, आणि त्याची बोच मला आजही आहे.

अभिलेखशास्त्रात, म्हणजे जुने कागद जपण्याच्या आणि लावण्याच्या शास्त्रात, या गोष्टीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. एका संस्थेचे किंवा एका व्यक्तीचे कागद दुसऱ्यांच्या कागदांत मिसळू नयेत, असे फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी परिपत्रकाने ठरवले; ज्या क्रमाने ते कागद वापरात होते तो क्रमही राखावा, हे तीन डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेत नियम घालून मांडले. आपल्या दफ्तरांतल्या कारकुनांना हे व्यवहाराने ठाऊक होते. एका कामाचे कागद एका रुमालात बांधले जात, आणि रुमालाची गाठ हीच त्या कागदांची ओळख असे. बडोदे संस्थानच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या रियासतकार सरदेसायांनी पुढे पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले, आणि त्या निवडीचे ऋण सगळे इतिहासकार मानतात. पण ती निवड छापण्यापुरती होती, मुळातले रुमाल दफ्तरातच राहिले. म्हणून आजही कोणी त्यांच्याकडे परत जाऊन निवडीत न आलेले वाचू शकतो. तू मात्र मूळ रुमालच सोडायला निघाली आहेस.

सरांच्या बाबतीत हे अधिकच लागू आहे, कारण ते शिक्षकही होते आणि कारभारीही होते. सकाळी वर्गात एखाद्या कारखान्यातल्या वेतनाच्या तंट्यावर चर्चा घ्यायची आणि दुपारी स्वतःच्याच विद्याशाखेतल्या शिपायांच्या वेतनाच्या प्रस्तावावर सही करायची, असे त्यांचे दिवस असत. वर्गात जे शिकवले ते खुर्चीवर बसल्यावर कितपत टिकले, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या प्रत्येक शिक्षकाला कधीतरी विचारला जायला हवा, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर त्याच्या कागदांच्या शेजारपणात सापडते. वर्गासाठी काढलेले टिपण आणि समितीचे इतिवृत्त एकाच फायलीत असेल, तर ते विसरभोळेपणाने तसे राहिले असे समजू नकोस. पाच गठ्ठ्यांत ते कागद एकमेकांपासून सर्वांत दूर जातील.

तेव्हा काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक खणाचे आणि प्रत्येक उघड्या खोक्याचे छायाचित्र घे. मग जागेवरून क्रमांक दे: कपाट २, खण ३, डावीकडून पाचवी फाईल. क्रमांक पेन्सिलीने लिही, शाईने कधीही नको. फायलीवर सरांनी जे नाव घातले असेल तेच सूचीत जसेच्या तसे उतरव. एखाद्या फायलीवर नुसते ‘नंतर पाहू’ एवढेच लिहिलेले असेल, तर तेच तिचे नाव. तुझे स्पष्टीकरण त्यापुढे चौकटी कंसात येऊ दे, म्हणजे शब्द कोणाचे आहेत हे वाचणाऱ्याला कळेल. एखाद्या खोक्यात खरोखरच कसलाही क्रम नसेल, घर आवरताना कोणीतरी नुसते कोंबले असेल, तर तिथे क्रम तू लाव, आणि तो तू लावला आहेस अशी नोंद कर.

आता दुबार प्रतींविषयी. सायक्लोस्टाईल केलेल्या एकाच केसच्या सहा प्रती दिसल्या की पाच फेकाव्यात असे वाटणे साहजिक आहे. व्यवस्थापनशास्त्रात केस म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे: एखाद्या उद्योगात प्रत्यक्ष उभा राहिलेला पेच, तो सोडवणाऱ्याला त्या वेळी जेवढे माहीत होते तेवढ्याच माहितीसह मांडायचा, आणि निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवायचा. १९०८ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्डच्या व्यवसाय शाळेत ही पद्धत रुळली, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्याच सहकार्याने ती आपल्याकडे रुजवली, आणि तिथून ती गुजरातभरच्या वर्गांत पसरली. छापील केस कुठेही मिळेल. पण वेगवेगळ्या वर्षी वर्गात नेलेल्या प्रतींच्या समासांत काय लिहिले आहे, कोणता परिच्छेद पुढे गाळला, फळ्यावर काय मांडायचे याची आखणी कशी बदलत गेली, हे फक्त या सहा प्रतींत आहे. अगदी कोऱ्या प्रती असतील तर दोन ठेव आणि बाकीच्या किती होत्या ते लिहून ठेव. एक जरी खूण असेल तर ती प्रत वेगळी समज.

कच्चे आकडे आणि क्षेत्रटिपणे यांना तर मी सर्वांत वरची जागा देतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रकाश आणि उत्पादन यांच्या संबंधावर प्रयोग झाले. प्रकाश वाढवला तरी काम वाढते आणि कमी केला तरी वाढते, कारण आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या जाणिवेनेच माणूस जास्त काम करतो, असा त्यांचा निष्कर्ष जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला आणि आपणही तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला. त्या प्रकाशप्रयोगांचे मूळ आकडे नष्ट झाले असे कित्येक वर्षे मानले जात होते. पुढे ते मिलवॉकी आणि बोस्टन इथल्या ग्रंथालयांच्या संग्रहांत सापडले, लेविट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी ते नव्याने तपासले, आणि पाठ्यपुस्तकांत वर्णिलेले ठळक चित्र त्या आकड्यांत नाही, असे त्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. कोणा ग्रंथपालाने ‘निष्कर्ष तर छापलाच आहे, आता या तक्त्यांचे काय काम’ असे म्हटले असते, तर ही दुरुस्ती कधीच झाली नसती. सरांनी कापड गिरण्यांत आणि पेढ्यांवर फिरून घेतलेली टिपणे वह्यांत असतील, काही मराठीत, काही गुजरातीत. त्यांचे भाषांतर करत बसू नकोस. कोणती वही कोणत्या भाषेत आहे एवढे सूचीत लिही.

पण याच टिपणांत तुझी सर्वांत कठीण जबाबदारी आहे. केस लिहिताना पुष्कळदा कंपनीचे नाव, गाव, आकडे बदलले जातात, आणि कंपनीची संमती त्याच अटीवर मिळालेली असते. खरे नाव सांगणारी चिठ्ठी किंवा संमतिपत्र बहुधा त्याच फायलीत असते. ते तू फाडायचे नाहीस आणि सगळ्यांसाठी खुलेही करायचे नाही. फायलीत त्या पृष्ठांच्या जागी एक कोरा कागद ठेवून, ‘अमुक पृष्ठे बंद लिफाफ्यात, अमुक तारखेपर्यंत’ अशी नोंद कर आणि लिफाफा कुलपात ठेव. तारीख किती पुढची असावी हे एकटीने ठरवू नकोस. काकू आणि संग्रह जिथे जाणार आहे ती संस्था यांच्याशी बसून ठरव आणि लेखी घे. निवड समितीतले उमेदवारांवरचे शेरे, विद्यार्थ्यांचे गुण, शिस्तभंगाची प्रकरणे, आजारपणाचे दाखले, शिफारसपत्रे यांनाही हाच न्याय लाव. ज्यांच्याविषयी ते लिहिले आहे ती माणसे याच शहरात राहतात, रावपुऱ्यात तुला समोरासमोर भेटतील. त्यांनी तुला कसलीही परवानगी दिलेली नाही.

काही फायली मुळात सरांच्या नसतील. त्या काळचे अधिकारी कार्यालयातल्या फायली घरी नेत आणि निवृत्तीनंतर त्या घरीच राहत. इतिवृत्तांच्या सहीच्या मूळ प्रती, नेमणुकांचे आदेश, खरेदीचे कागद हे संस्थेचे आहेत. त्यांची नोंद करून, छायाप्रत ठेवून, मूळ कागद पोच घेऊन परत कर. तसेच सरांना आलेली पत्रे त्यांच्या मालकीची असली, तरी १९५७ च्या कायद्यानुसार त्यांतल्या मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. ती वाचायला देणे वेगळे आणि छापणे वेगळे, हे काकूंना आधीच समजावून सांग.

सरांनी अधिष्ठातापद सोडले त्या वर्षाच्या कागदांकडे मुद्दाम लक्ष दे. अहमदाबादच्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई १९७२ मध्ये स्वखुशीने पद सोडून तिथेच प्राध्यापक म्हणून राहिले, ही गोष्ट आमच्या पिढीतले शिक्षक आदराने सांगत. अधिकार गेल्यावर माणसाला कोण लिहीत राहते आणि कोण थांबते, ते पत्रांच्या फायलीत आपोआप दिसते. त्या दोन-तीन वर्षांतली पत्रे तारखेच्या क्रमाने लागलेली असतील, तर एकही इकडेतिकडे होऊ देऊ नकोस.

कागद टिकवण्याविषयी थोडक्यात. लोखंडी टाचण्या आणि क्लिपा हळूच काढ, पण कोणते कागद एकत्र होते ते आधी लिही आणि दुमडलेल्या जाड कागदात ते तसेच एकत्र ठेव. चिकटपट्टी ओढू नकोस आणि नवी लावू नकोस. फॅक्सचे गुळगुळीत कागद दिसतील त्या दिवशीच त्यांच्या छायाप्रती काढ, त्यांची अक्षरे उडून जातात. फ्लॉपी असतील तर त्या वाचणारे यंत्र शोधण्यात दिवाळीची वाट पाहू नकोस. वेखंडाच्या पुरचुंड्या आपल्या आज्या पोथ्यांत ठेवत, त्या कपाटात ठेवायला हरकत नाही. मात्र कसर आणि वाळवी यांवर खरा उपाय म्हणजे कोरडी, हवेशीर जागा आणि महिन्यातून एकदा प्रत्येक खोके उघडून पाहणे.

आणि खोकी तळमजल्यावर ठेवू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा भिजलेल्या फायलींचे लगदे लोकांनी फाटकाबाहेर काढून ठेवलेले मी पाहिले आहेत. त्यांतले पुष्कळ वाचवता आले असते. भिजलेले कागद ओले असताना सुटे करू नयेत, उन्हात टाकू नयेत. सावलीत, पंख्याखाली, मधे कोरा शोषक कागद घालून वाळवावेत, आणि एवढे मनुष्यबळ नसेल तर पिशवीत बांधून शीतगृहात गोठवावेत. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून कोणाला बोलवायचे ते आधी ठरलेले असावे.

राहता राहिल्या काकू. त्यांचे वय पाहता सूचीच्या आधी त्यांच्याकडे जाणे आवश्यक आहे. छायाचित्रांत कोण आहे, पत्रांच्या खाली नुसती आद्याक्षरे घालणारे ते गृहस्थ कोण, रविवारी घरी येणारे विद्यार्थी कोणते, हे सांगणारे आता दुसरे कोणी नाही. त्यांची परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित कर, एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक नको, आणि जी पत्रे त्यांना दाखवायची नसतील ती मागू नकोस.

येत्या रविवारी सकाळी पहिल्या कपाटाची छायाचित्रे घेऊन माझ्याकडे ये. तोपर्यंत खोक्यांच्या दोऱ्या तशाच बांधलेल्या राहू देत.

तुझा शुभचिंतक