आधी खोलून दाखव

बेटा,

रात्री अकराला पाठवलेली तुझी यादी वाचली. फॉग लाइट, पत्र्याच्या पेट्या, हँडल रायझर, क्रॅश गार्ड, उंच काच, दुसरा सायलेन्सर, मोबाइल चार्जर. आणि खाली प्रश्न: ‘काका, चाळीस हजारात यातलं आधी काय लावू? प्रत्येक जण वेगळंच सांगून राहिला.’ मोटारसायकल दारात येऊन महिना नाही झाला आणि जुलैत लेह! असो. जायचं म्हणतेस तर जा, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. यादीबद्दल म्हणायचं आहे, आणि ते एकच आहे. जे तुला स्वतःच्या हाताने खोलून परत बसवता येत नाही, ते गाडीला लावायचं नाही.

फॉग लाइट यादीत पहिले, म्हणून तिथूनच सुरू करतो. ४० वॅटचे दोन म्हणजे ८० वॅट. १२ व्होल्टने भाग, पावणेसात अँपिअरच्या आसपास येतं. एवढा करंट हेडलाइटच्या वायरीतून ओढला तर वायर तापते, स्विच जळतो. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणायची, बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज टाकायचा, पुढे रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), आणि हँडलवरच्या स्विचने फक्त रिलेला चालू-बंद करायचं. दुकानवाला हे तासाभरात करून देतो, वरून टेप गुंडाळतो, तू पैसे देऊन घरी येतेस. आता समज, छिंदवाड्याहून परत येताना सिल्लेवानी घाटात रात्री दिवे गेले. फ्यूज सीटखाली आहे की टाकीखाली? रिले कुठे बांधलाय? कोणाला फोन करशील, दुकानवाल्याला? तो झोपला असेल.

तुझ्या फोटोत सीटखाली काळ्या टेपची एक गाठ दिसली. कशाची आहे विचारलं तर म्हणालीस, ‘माहीत नाही, आधीच्या मालकाची आहे.’ अरे बाप्पा! २०१९ ची सेकंडहँड गाडी, त्यातून वीज कुठून कुठे फिरते ते त्या माणसाला माहीत, आणि लेहला जाणार तू. दिवे नंतर. आधी ती गाठ सोडव. एकेक वायर हाताने धरून तिच्या टोकापर्यंत जा. जी कुठेच जात नाही ती काढून टाक. एक अख्खा रविवार लागेल.

पेट्यांचंही तेच. पेट्या वाईट नाहीत, पण भरलेल्या पेट्या मागच्या ॲक्सलच्या मागे लटकतात, मग पुढचं चाक हलकं लागतं आणि वळणावर गाडी ऐकत नाही. शिवाय ओझ्याने मागचं सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर तू चेन ‘मस्त टाइट’ करून ठेवलीस, तर ओझं पडल्यावर तीच चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. ढिली चेन निदान आवाज करून सांगते. म्हणून मॅन्युअलमध्ये जेवढा ढिलेपणा दिलाय तेवढाच ठेवायचा. चाक फिरवत जा, चेन सगळ्यात ताठ जिथे लागेल तिथे मोजायचं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. दर ५०० किलोमीटरला धुवायची, सुकवायची, तेल द्यायचं. तारेचा ब्रश लावू नकोस, आतले रबराचे रिंग फाटतात. हे सगळं तू मिस्त्रीवर सोपवलं आहेस. मिस्त्री तुझ्याबरोबर येणार आहे का?

मला माहीत आहे, गॅरेजमध्ये उभी राहिलीस की मिस्त्री तुझ्याशी बोलत नाही, तुझ्या भावाशी बोलतो. प्रश्न तू विचारतेस, उत्तर त्याला मिळतं. राग येणारच, यायलाच पाहिजे. पण त्यावर इलाज म्हणून महागडं सामान लावू नकोस. क्लच केबल बदलून दाखव, तीही त्याच्याच गॅरेजसमोर, त्याच्याकडचा पाना न मागता. आणि नवी केबल टाकताना जुनी काढलीच पाहिजे असं नाही. लांबच्या प्रवासात दुसरी केबल जुनीच्याच शेजारून ओढून, दोन्ही टोकं नीट बांधून ठेवता येते. तुटली की टोकं बदल आणि नीघ.

सायलेन्सरबद्दल मी बोलणार नव्हतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ वाच. कंपनीने दिलेल्या मूळ गोष्टी बदलून गाडी आरसीशी जुळेनाशी झाली की गुन्हा होतो, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलंय. आपल्या नागपुरात पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली घातलेत. पण कायदा बाजूला ठेव. फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसलाय, त्याच्या आकड्यावर पेट्रोल किती जायचं ते ठरतं. तो सेन्सर तुला काढून परत बसवता येतो? नाही ना? मग विषय संपला.

तू म्हणशील, काका जुन्या जमान्याचे, त्यांना सगळं घरीच करायचं असतं. म्हण. आमचा चौघांचा ग्रुप होता, मनाली-लेह ठरलं होतं, रजा मंजूर झाली होती. निघायच्या आधी माझ्या बुलेटच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, मी अंगणात खोलून बसलो होतो, व्हॉल्व्ह घासायला. काम लांबलं. इतवारीतला एक मिस्त्री म्हणाला, ‘द्या इकडे, संध्याकाळपर्यंत बंद करून देतो.’ मी नाही म्हणालो. ते तिघे गेले. नंतर नोकरी, मग आईचं आजारपण, मग पोरांच्या फिया, आणि लेह राहूनच गेलं. म्हणजे लेहच्या रस्त्याबद्दल तुला काही सांगायचा मला अधिकारच नाही. ते तिघे अजून भेटले की तिथलेच किस्से सांगतात, आणि मी हसतो. वाईट वाटतं का? वाटतं. काकू म्हणते, ‘खोलायचा एवढा हट्ट, तेवढा बंद करायचाही ठेवायचा होता.’ तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण ते हेड दुसऱ्याने बसवलं असतं तर त्या इंजिनावर माझा विश्वास बसला नसता, आणि विश्वास नसताना त्या खिंडी ओलांडण्यात काय मजा! निदान मी तरी स्वतःला हेच सांगत आलोय. तामियाच्या रस्त्यावर त्या तिघांपैकी एकाची केबल तुटली तेव्हा रस्त्याच्या कडेला कोण बसलं होतं हात काळे करत, ते विचार त्यांना.

हे ऐकून तूही अंगणातच बसून राहशील, असं मला नको आहे. म्हणून काम आत्ता सुरू कर, जुलैच्या तोंडावर नको.

चाळीस हजारांतले पहिले पैसे हत्यारांवर घाल. चांगले पाने, ॲलन की, टायर काढायच्या पट्ट्या आणि एक टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना. ऑइल काढायचा नट ॲल्युमिनियममध्ये बसतो. जोर लावून आवळला की आटे जातात आणि मग तो खर्च पाहून तू रडशील. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. तुझ्या गाडीवर तेच मूळ टायर असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, बदल. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं, मग लांब उतारावर उकळतं आणि लिव्हर पोकळ लागतो. दोन वर्षांत बदलायचं असतं. आधीच्या मालकाने बदललं होतं का? विचारूही नकोस, बदल. हवा सकाळी सहाला, गाडी हलवायच्या आधी मोजायची. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडच्या पंपावर मोजलीस तर तापलेल्या टायरचा आकडा जास्तच दिसणार, आणि तो पोट्टा हवा सोडून देणार.

तुझी चाकं तारांची आहेत, आत ट्यूब आहे. पुढचं २१ इंची, मागचं १७. पंक्चर काढायला आधी चाक काढावं लागतं. घरी मागचं चाक काढ, ट्यूब काढ, परत बसव, मग तेच पुन्हा कर. दुसऱ्या वेळी शिव्या कमी येतील. २१ ची ट्यूब सोबत ठेव, अडीनडीला ती मागेही घालून गाव गाठता येतं.

मग रामटेकला जाऊन ये. त्यानंतर सगळं ओझं बांधून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, पचमढी. वाटेत थांबून बोल्ट तपास, काय ढिलं झालं ते लिहून ठेव. (समृद्धी महामार्गाचं विचारत होतीस, तिथे दुचाकीला प्रवेश नाही. बरंच आहे, सरळ रस्त्यावर गाडीबद्दल काही कळत नाही.) पचमढीहून आल्यावर यादी पुन्हा काढ. जे स्वतः खोलता-बसवता येईल ते लाव, खुशाल लाव, फॉग लाइटसुद्धा. रिलेची वायरिंग मी शेजारी बसून बघेन, हात लावणार नाही.

रविवारी सातच्या आत ये, नंतर अंगणात ऊन येतं. मॅन्युअल, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि अर्धा लिटर डिझेल आण, रॉकेल आता मिळत नाही. भावाला आणू नकोस.

– काका