पॅरोलवर ‘सुटका’ होते का?

प्रश्न असा आला आहे : “वर्तमानपत्रात ‘कैद्याची पॅरोलवर सुटका’ असं छापून येतं. माझ्या ओळखीच्या एकांकडे येरवडा कारागृहाचा कागद पाहिला, त्यावर मात्र ‘संचित रजा’ आणि ‘अभिवचन रजा’ असे शब्द होते. पॅरोल म्हणजे यातली कोणती? फर्लो आणि पॅरोल एकच का? आणि ‘सुटका’ म्हणणं बरोबर आहे का?”

आधी थोडक्यात सांगतो. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल आणि संचित रजा म्हणजे फर्लो. या दोन वेगळ्या रजा आहेत. ‘सुटका’ हा शब्द मात्र दोन्हींना लावू नये असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे.

मी पुण्यात निवृत्तीपर्यंत भाषांतराचं काम केलं. सरकारी मराठीला लोक नावं ठेवतात, पुष्कळदा ती रास्तही असतात. पण ही जोडी ज्याने कोणी घडवली त्याला मी मनापासून दाद देतो. इंग्रजीत पॅरोल आणि फर्लो हे दोन शब्द ऐकून सामान्य माणसाला काहीच कळत नाही. मराठी जोडीत दोन्ही रजांचा पाया नावातच सांगितला आहे. एक रजा शब्द दिल्यावर मिळते, दुसरी साठवल्यावर.

पॅरोल हा मुळात फ्रेंच शब्द, अर्थ ‘बोल’, ‘दिलेला शब्द’. त्याच्या मागे लॅटिन आणि त्याहीमागे ग्रीक ‘पॅराबोली’ आहे. त्याच घराण्यात फ्रेंचमधलं ‘बोलणे’ हे क्रियापद झालं आणि त्यावरून ‘पार्लमेंट’ आलं, म्हणजे पॅरोल आणि पार्लमेंट चुलतभावंडं. युरोपातल्या लढायांत पकडलेला योद्धा ‘पुन्हा तुमच्याविरुद्ध शस्त्र धरणार नाही’ असा शब्द देई आणि त्या शब्दावर त्याला जाऊ दिलं जाई. पुढे तोच शब्द तुरुंगाच्या व्यवहारात आला. ‘अभिवचन’ या मूळ अर्थाशी अगदी चपखल बसतं. नुसतं ‘वचन’ म्हटलं असतं तर ते घरगुती वाटलं असतं. ‘अभि’ लागल्यावर त्याला समोरच्यापुढे उभं राहून बांधून घेतल्याचा भार येतो.

फर्लो आला डच भाषेतून. तिथल्या ‘रजा’ या अर्थाच्या शब्दावरून इंग्रजांनी तो घेतला, आधी सैन्यात आणि मग नोकरशाहीत. कंपनीच्या आणि राणीच्या काळात गोरा अधिकारी काही वर्षं इथे काढून फर्लोवर विलायतेला जाई. म्हणजे फर्लोला पहिल्यापासून ‘इतकी वर्षं काढली, आता इतके दिवस घरी’ हा हिशेब चिकटलेला आहे. ‘संचित’मध्ये तोच हिशेब उतरला आहे. ‘चि’ म्हणजे गोळा करणे, ‘सं’ म्हणजे एकत्र. कार्यालयातल्या ‘अर्जित रजे’च्या शेजारी हा शब्द ठेवून पाहा, लगेच उलगडतो.

पण इथेच मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण तिच्यामुळेच हा प्रश्न मला जवळचा वाटला. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या एक ताई येरवड्याच्या बाजूला राहत. त्यांचा भाऊ शिक्षा भोगत होता. एक दिवस त्या घडी घातलेला कागद घेऊन आल्या. “काका, हे वाचून दाखवा.” कागदावर होतं, ‘संचित रजा नामंजूर’. मी वाचलं आणि त्या खाली बसल्या. म्हणाल्या, “संचितच खोटं त्याचं. सरकार तरी काय करणार?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कीर्तनात, अभंगात, आजीच्या तोंडी संचित म्हणजे मागच्या जन्मीचा साठा. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही तिकडी मराठी माणसाच्या कानात लहानपणापासून असते. त्यांना वाटलं, सरकारने भावाचं नशीबच पाहून कागदावर लिहिलं. मी समजावलं, की हे संचित याच जन्मातलं आहे, भावाने आत काढलेल्या दिवसांचं आहे. नामंजुरीला कारण दिलेलं असतं आणि त्या कारणावर पुन्हा दाद मागता येते. त्यांनी कागदाची घडी पुन्हा नीट घातली आणि विचारलं, “म्हणजे दिवस जमा हायेत ना त्याचे?” एवढं नेमकं भाषांतर मला आयुष्यभरात साधलं नाही. शब्द उत्तम असून वाचणाऱ्याच्या मनात त्याची दुसरी पेटी उघडू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून अशा कागदांवर ‘संचित रजा (फर्लो)’ असं दोन्ही लिहावं, आणि खाली साध्या मराठीत एक ओळ असावी, असं मला कळकळीने वाटतं.

आता नियम. कारागृह अधिनियम 1894 सालचा आहे आणि त्याखाली मुंबई राज्याने 1959 साली फर्लो आणि पॅरोलचे नियम केले. महाराष्ट्रात ते वेळोवेळी दुरुस्त झाले, 2016 आणि 2018 मध्ये बऱ्याच प्रमाणात. फर्लोला खास कारण लागत नाही. बरीच वर्षं आत काढणाऱ्या माणसाचा घराशी धागा तुटू नये आणि कोंडून राहण्याचा वाईट परिणाम कमी व्हावा, म्हणून ती असते. पॅरोलला कारण लागतं. त्यात पुन्हा दोन प्रकार आहेत. आई, वडील, जोडीदार, मुलं, भावंडं यांच्यापैकी कोणाचा मृत्यू झाला किंवा मुलाचं, मुलीचं, भावंडाचं लग्न असलं तर आकस्मिक अभिवचन रजा. 2018 च्या दुरुस्तीने ती 14 दिवसांची झाली. जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण, पत्नीचं बाळंतपण, पूर, आग, भूकंप, घर पडणं यांसाठी नियमित अभिवचन रजा. ती विभागीय आयुक्तांकडून मिळते. मृत्यूच्या कारणासाठीची आकस्मिक रजा कारागृह अधीक्षकच देऊ शकतात, कारण मयताला थांबायला वेळ नसतो.

सर्वांत मोठा फरक हिशेबाचा आहे आणि तो दोन्ही नावांत दिसतो. अटी पाळून परत आलं तर फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे धरले जात नाहीत, तेवढे दिवस शिक्षा पुढे सरकते. संचितातून दिवस वापरले तर ते आपलेच होते. शब्दावर उसने घेतले तर ते फेडावे लागतात.

2013 ते 2016 मध्ये संजय दत्त येरवड्यात होता, तेव्हा त्याला दोन्ही रजा मिळाल्या आणि पुण्यात चहाच्या टपरीवरसुद्धा ‘फर्लो’ ऐकू येऊ लागला. त्याच काळात हे दोन शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी पडू लागले. त्याआधी ‘पॅरोल’ मात्र पुणेकरांना चांगला ओळखीचा होता. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या तेव्हाच्या कायद्याखाली, येरवड्यात असलेल्यांच्या घरी तो रोज बोलला जाई. माझ्या लहानपणी सदाशिव पेठेतले एक मिसाबंदी गृहस्थ बहिणीच्या लग्नाला पॅरोलवर आले होते. वाड्यातली मोठी माणसं म्हणत होती, “ते रजेवर आलेत, परवा परत जायचंय.” तेव्हा कोणीही ‘सुटले’ म्हणालं नाही.

‘रजा’ या शब्दाकडेही पाहायला हवं. तो अरबी, मूळ अर्थ संमती. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ याच मुळातले. म्हणजे रजा ही देणाऱ्याच्या होकाराने मिळते. सुट्टी आणि रजा यांत मराठी माणूस फरक करतोच. दिवाळीची सुट्टी सगळ्यांना असते, रजेसाठी अर्ज करावा लागतो. 1959 च्या नियमांत फर्लो हा कैद्याचा हक्क मानलेला नाही. 2021 साली नारायण साई या कैद्याच्या फर्लोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. मंजूर-नामंजूर होऊ शकणाऱ्या या गोष्टीला ‘रजा’ हाच शब्द शोभतो.

मग ‘सुटका’ का नको? ‘सुटणे’ हे क्रियापद तात्पुरतंही असतं, हे मी मान्य करतो. शाळा सुटते आणि पोरं दुसऱ्या दिवशी परत येतात. ‘सोडणे’ तर रोजचंच आहे : मुलाला शाळेत सोडलं, गुरं चरायला सोडली. म्हणून ‘पॅरोलवर सोडलं’ मला खटकत नाही. पण ‘सुटका’ या नामात शेवट आहे. ‘एकदाची सुटका झाली’ म्हटल्यावर परत जायचं उरत नाही. ‘पॅरोलवर सुटका’ वाचून फिर्यादीच्या घरच्यांना वाटतं गुन्हेगार मोकळा झाला, आणि कैद्याच्या घरच्यांना वाटतं आता तो कायमचा आला. दोन्ही घरांवर हा शब्द अन्याय करतो. ‘अमुक पॅरोलवर बाहेर’ किंवा ‘अमुकला अभिवचन रजा’ एवढं पुरे आहे. शिक्षा संपली किंवा माफ झाली की मग ‘सुटका’ लिहावी.

जामिनाशी गल्लत करू नये. जामीन सहसा खटला चालू असलेल्याला, न्यायालयाकडून मिळतो. अशा कैद्याला कारागृहाच्या भाषेत ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात. रजा ‘सिद्धदोष बंद्या’ची, म्हणजे गुन्हा शाबीत होऊन शिक्षा भोगणाऱ्याची. गोंधळ होण्याचं कारण समजतं, कारण रजेसाठीही नातेवाइकाला जामीन राहावं लागतं आणि कैद्याला जातमुचलका द्यावा लागतो. जाता जाता : ‘जातमुचलका’मधली ‘जात’ म्हणजे स्वतः. ‘जातीने हजर राहिले’ मधली. मुचलका हा तुर्की मुळाचा, फारसीतून आलेला, अर्थ बंधपत्र. काही जण अर्जातल्या त्या रकान्यात आपली जात लिहून येतात, म्हणून सांगितलं.

लेखनाबद्दल : ‘पॅरोल’ लिहावं. ‘पेरोल’ लिहिलं की पगारपत्रकाचा ‘पे-रोल’ डोळ्यांपुढे येतो. लिंगाचं म्हणाल तर ‘पॅरोल मंजूर झाला’ असं पुल्लिंगी रूळलं आहे. फर्लो काही जण ‘झाला’, काही ‘झाली’ म्हणतात. मी ‘झाली’ म्हणतो, कारण मनात मागे ‘रजा’ असते.