‘टॅबवर सगळं येतं, मॅडम. वहीत मात्र भोपळा!’

लहान मुलांबरोबर काम करताना हे वाक्य मला महिन्यातून चार-पाचदा तरी ऐकू येतं. आई-बाबा काळजीत असतात. ॲपमध्ये सगळे टप्पे पार, बक्षिसांची पेटी भरलेली, आणि बाईंनी ‘लाल-निळा-लाल, पुढे काय?’ विचारलं की मूल गप्प.

साडेचार वर्षांचा अर्णव (नाव बदललं आहे) असाच आला. आई म्हणाली, “मॅडम, याचं लक्षच नसतं हो. काही दोष तर नाही ना?”

मी म्हटलं, “आधी त्याला खेळू दे.”

पडद्यावर चित्रांची रांग लागली होती : मासा, मासा, तारा, मासा, मासा… खाली तीन पर्याय. अर्णवनं फुगा दाबला. ‘ट्यँव’ आवाज आला. मग मासा दाबला, पुन्हा तेच. उरला तारा. चांदण्यांचा पाऊस! एकूण तीन-चार सेकंद. रांगेकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

दोष कसला? पोरगं हुशार होतं. कमीत कमी कष्टात चांदण्या कशा मिळतात, ते त्यानं शोधून काढलं होतं.

टॅब बाजूला ठेवून मी राजमा आणि चवळीच्या वाट्या पुढे ओढल्या. दोन राजमे, एक चवळी, दोन राजमे, एक चवळी. “पुढे तू लाव.” त्यानं एक चवळी उचलली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, पण भुवई हलली असावी. लगेच चवळी खाली, राजमा हातात.

इतकी वर्षं या कामात काढूनही मला हे त्या दिवशी नीट दिसलं. टॅब बंद झाला होता, पण त्याची जागा माझ्या चेहऱ्यानं घेतली होती. तो रांग वाचतच नव्हता, मला वाचत होता.

मी खुर्ची फिरवून पाठ केली. “मला आता काहीच दिसत नाही. तू मोठ्यानं वाचून दाखव, मी ऐकते.”

“राजमा, राजमा, चवळी. राजमा, राजमा, चवळी. राजमा, चवळी…” तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी बोट ठेवून. मग एकदम, “ए मावशी! इथे एक राजमा हरवलाय!”

आईनं तोंडाला पदर लावला. मीही पाठ फिरवलेलीच ठेवली, ते बरंच झालं.

पुढचं कळणं म्हणजे रंग ओळखणं नव्हे. कोणता तुकडा पुन्हा पुन्हा येतो, ते कानाला-हाताला सापडणं. पाठ्यपुस्तकात याला आकृतिबंध म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर सांगत, समज आधी हातात येते, मग चित्रात, मग चिन्हात. बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आसपासच्या वस्तूंतूनच मुलांची साधनं उभी केली. मी त्याच पठडीतली, हे लपवत नाही.

पण टॅब फेकून द्या, असं मी अर्णवच्या आईला सांगितलं नाही. त्याचं काम बदलायला सांगितलं. रांग मुलानं मांडायची, फोटो त्यानंच काढायचा. टाळी-टाळी-चुटकी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकायची, आणि तीच चाल वाटी-वाटी-चमचा अशी ताटाभोवती मांडायची. वस्तू बदलल्या तरी चाल तीच राहते हे कळलं, की अर्धी लढाई जिंकली. ॲप घ्यायचंच तर मुलाला स्वतःची रांग रचू देणारं घ्या. घड्याळ लावून पळवणारं नको, आणि चुकल्यावर दुसरा पर्याय दाबला की पुढे ढकलणारं तर नकोच. शेजारी बसा. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायची घाई करू नका, “तुला कसं कळलं?” एवढंच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये या वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितली आहे, तीही कमी असेल तेवढी बरी. माझ्या मते दहा मिनिटं पुरतात, बाकी वेळ राजमा-चवळीचा.

दसऱ्याला आईचा फोटो आला. दारावर तोरण : दोन झेंडू, एक आंब्याचं पान, दोन झेंडू, एक पान. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, त्यानं एका ठिकाणी मुद्दाम चूक केलीये. म्हणतो, मावशीला सापडते का बघू.’

मला सापडली, पण बोट ठेवून वाचावं लागलं.