11 इंचाच्या ऑस्कर माशाचा एक डोळा पांढरा होऊन बाहेर आलाय, कोणतं औषध टाकू?

तुम्ही लिहिलंय की ऑस्कर 11 इंचाचा आहे, चार दिवसांपासून डाव्या डोळ्यावर पांढुरका पडदा आलाय, आता डोळा फुगून बाहेर आल्यासारखा दिसतोय, खाणं निम्म्यावर आलंय, आणि विचारलंय की कुठलं अँटिबायोटिक टाकू, माणसांचे आय ड्रॉप चालतील का.

आय ड्रॉपचं आधी सांगतो, नका वापरू. माशाला पापणी नसते, आपल्यासारखे अश्रू नसतात, डोळ्याचा पुढचा काचेसारखा भाग सरळ पाण्याला लागून असतो, त्यामुळे थेंब टाकून मासा परत पाण्यात सोडला की काही सेकंदात सगळं धुऊन जातं. शिवाय बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं आणि डोळ्यावर जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरायच्या ऐवजी चिघळते. आणि त्या एका थेंबासाठी तुम्ही एवढा मोठा मासा दररोज पकडणार, तो धडपडणार, अंगावरचा चिकट थर निघणार, खवले सुटणार. फायदा काहीच नाही आणि नुकसान पक्कं.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर आज काहीही टाकू नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण मी नेमकं तेच करून बसलो होतो. माझ्या ऑस्करच्या टँकचा लाईट मी एकदा रात्री अंधारात एकदम लावला, तो दचकून उसळला आणि हीटरवर आपटला, आवाज अजून कानात आहे. सकाळी बघतो तर उजव्या डोळ्यावर धुरकट, म्हणजे पाण्यात दुधाचा थेंब सोडल्यावर जसं पसरतं तसं. घाबरलो, आणि कुणीतरी सुचवलेली अँटिबॅक्टेरियल पावडर पूर्ण डोसने सरळ मेन टँकमध्ये ओतली. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ, वास यायला लागला, मासा वर येऊन तोंड उघडून श्वास घेतोय, अमोनियाची (माशाच्या घाणीतून पाण्यात येणारं विष) टेस्ट केली तर पिवळा राहायला हवा तो रंग हिरवा झाला. फिल्टरमधले जे चांगले बॅक्टेरिया अमोनिया खातात तेच मी मारले होते, आणि त्या पाण्याने त्याचा चांगला असलेला डावा डोळासुद्धा धूसर झाला. एका खरचटलेल्या डोळ्याचे मी दोन आजारी डोळे केले, याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुमचा प्रश्न बघितल्यावर सविस्तर लिहायला बसलो.

आता तुमच्या माशाकडे येऊ. पहिली गोष्ट, एकच डोळा आहे की दोन्ही? तुम्ही एकच म्हणताय आणि ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. एका डोळ्याला झालं तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो, दगड, लाकडाचा टोकदार तुकडा, हीटर, झाकण, नाहीतर दुसऱ्या माशाशी मारामारी. दोन्ही डोळे एकदम धूसर झाले तर संशय पाण्यावर घ्यायचा, आणि दोन्ही एकदम फुगून बाहेर आले तर पाण्याबरोबर शरीरातल्या आतल्या इन्फेक्शनचाही. हा काही शंभर टक्के नियम नाही पण सुरुवात इथून करायची.

दुसरं, पांढरं नक्की कुठे आहे ते बघा. खोलीतला लाईट आधी लावा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा (अंधारात एकदम मारू नका, का ते वर सांगितलंच). पांढरेपणा अगदी बाहेरच्या घुमटावर असेल, म्हणजे आपण माणसांत डोळ्यात फूल पडलं म्हणतो तसा, तर तो वरच्या थराचा प्रॉब्लेम आहे आणि तो बरा होऊ शकतो. वरची काच स्वच्छ आहे आणि आत बाहुलीतच पांढरा गोळा दिसतोय तर तो मोतीबिंदू, त्याला पाण्यात टाकायचं कुठलंच औषध लागू पडत नाही, पण मासा त्याच्यासकट जगतो. आणि डोळ्याच्या आत किंवा कडेला बारीक बुडबुडे दिसले तर ते इन्फेक्शन नसून पाण्यात विरघळलेली हवा जास्त झालीय, पंप कुठूनतरी हवा ओढत असतो किंवा नळाचं गार पाणी थेट टाकलेलं असतं, अशा वेळी पंपाचे जोड तपासायचे आणि बदलायचं पाणी आधी बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवायचं.

मग पाण्याची टेस्ट. अमोनिया 0, नायट्राइट (फिल्टरमध्ये अमोनियापासून बनणारं दुसरं विष) 0, त्यापासून पुढे बनणारं कमी विषारी नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली, 20 च्या आसपास असेल तर उत्तम. "पाणी तर एकदम क्लिअर दिसतंय" याला काही अर्थ नाही, अमोनिया डोळ्याला दिसत नाही. 11 इंचाचा ऑस्कर खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, त्यामुळे लहान माशांच्या टँकला पुरणारा फिल्टर त्याला पुरत नाही.

अमोनिया किंवा नायट्राइट निघाला तर आजच 40 ते 50 टक्के पाणी बदला, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून, तापमान जुळवून. पण एक अपवाद नीट वाचा. टँकचं पाणी कित्येक महिने बदललेलंच नसेल तर पीएच खूप खाली गेलेला असू शकतो, आणि कमी पीएचमध्ये अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात असतो. अशा टँकमध्ये एकदम अर्धं नवं पाणी ओतलं की पीएच वर उडतो आणि तोच अमोनिया विषारी होतो, मासा काही तासांत जाऊ शकतो. म्हणून पीएच पण मोजा, टँक आणि नळ दोन्हीचा, फरक मोठा असेल तर रोज 10-15 टक्केच बदला.

आकडे चांगले असतील तरी पुढचे दहा दिवस रोज किंवा एक दिवसाआड 25 टक्के पाणी बदला. हीच खरी ट्रीटमेंट आहे. डोळ्याचा वरचा थर स्वच्छ पाण्यात स्वतःहून भरून येतो, आपलं काम फक्त त्याला भरू देणं.

आता मीठ. हे का चालतं ते सांगतो म्हणजे अंदाजे मूठभर टाकणं बंद होईल. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात क्षार साधारण 0.9 टक्के असतात आणि टँकच्या पाण्यात जवळजवळ नसतातच, त्यामुळे पाणी सतत माशाच्या अंगात शिरायला बघतं. डोळ्याचा थर फाटला की तिथून पाणी आत मुरतं, तो फुगतो आणि पांढरा दिसतो. म्हणजे तुम्हाला दिसतंय ते सगळं पांढरं म्हणजे जंतूच असं नाही, त्यात मुरलेलं पाणी पण आहे. टँकमध्ये थोडं मीठ आलं की हा ओढा कमी होतो आणि माशाची ताकद जखम भरायला उरते.

प्रमाण लिटरला 1 ग्रॅमपासून सुरू करून 2 पर्यंत न्या, फार तर 3. आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीची पावडर नसलेलं साधं मीठ घ्या. लिटर काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 1000 ने भागा. 120 बाय 45 बाय 45 चा टँक म्हणजे 243 लिटर, पण वरची रिकामी जागा, दगड, वाळू वगळून खरं पाणी 200 धरा. पहिल्या दिवशी 200 ग्रॅम टँकच्याच पाण्यात विरघळवून दोन-तीन वेळा थोडं थोडं, दुसऱ्या दिवशी आणखी 200. खडे मीठ तसंच माशावर पडू देऊ नका. मीठ हवेत उडून जात नाही, म्हणून नंतर फक्त जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ परत टाकायचं, 50 लिटर बदललं तर 100 ग्रॅम. लोक दर वेळी पूर्ण डोस टाकतात आणि आठवड्यात पाणी खारट करून ठेवतात. आत झाडं असतील किंवा तळाला राहणारे कॅटफिश असतील तर त्यांना आधी दुसरीकडे हलवा. फिल्टरमध्ये झिओलाइटचे खडे असतील तर तेही आधी काढा, मिठाच्या पाण्यात ते धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतात.

डोळा बाहेर आलाय त्यासाठी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, हे वेगळं, खायचं मीठ वेगळं, दोघांचं काम वेगळं. एप्समने डोळ्यामागे साठलेलं पाणी ओसरायला मदत होते. 40 लिटरला एक मोठा चमचा, अंदाजे 15 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरला 75 ग्रॅम, तेही विरघळवून हळूहळू. दोन्ही एकत्र चालतात.

मासा वेगळ्या टँकमध्ये हलवायचा का? छोटा मासा असता तर हो म्हटलं असतं. पण एवढा मोठा ऑस्कर 50 लिटरच्या डब्यात ठेवला तर त्याच्याच घाणीने एका दिवसात अमोनिया चढेल आणि तो काचेवर आपटून दुसरा डोळा फोडून घेईल. 150-200 लिटरचा, चालू फिल्टरचा स्पंज लावलेला टँक असेल तरच हलवा, नाहीतर तिथेच ठेवा आणि बाकीचे मासे बाजूला करा, कारण बाकीचे मासे पांढऱ्या डोळ्याला टोचतात, हे मी स्वतः पाहिलंय. हलवायचाच झाला तर जाळी नको, जाळीत पर आणि डोळा दोन्ही घासतात, पाण्याखाली मोठा टब तिरका धरून त्याला आत वळवा आणि पाण्यासकट उचला, झाकण हाताशी ठेवा. टँकच्या तीन बाजूंना कागद लावा, लाईट दोन-तीन दिवस बंद, एअर स्टोन चालू, तापमान 26-27 च्या आसपास स्थिर. नव्या जागी तो आडवा पडून राहिला तर लगेच घाबरू नका, ऑस्कर रुसल्यावर किंवा भेदरल्यावर असं करतात, कल्ले शांतपणे हलतायत का ते बघा.

खायला एक दिवस काही देऊ नका, मग नेहमीच्या निम्मं, आणि दहा मिनिटांत उरलेलं काढून टाका. जिवंत मासे खायला घालत असाल तर बंद करा, त्यातून परजीवी आणि जखमा दोन्ही येतात.

अँटिबायोटिकची वेळ कधी येते? स्वच्छ पाणी आणि मीठ देऊन चार-पाच दिवसांत फरक नाही उलट डोळा वाढतोय, त्यावर कापसासारखं किंवा पिवळसर काही धरतंय, दुसराही डोळा सुजतोय, अंगावर लाल व्रण, पोट फुगून खवले उभे राहिलेत, खाणं पूर्ण बंद, यातलं काहीही दिसलं तर मग थांबू नका, माशांचं कळणारा व्हेट (जनावरांचा डॉक्टर) शोधा. जो मासा अजून खातोय त्याला खाण्यातून औषध देणं पाण्यात टाकण्यापेक्षा कितीतरी चांगलं, औषध आत पोचतं आणि फिल्टर वाचतो, आणि मासा एवढा मोठा असेल तर व्हेट इंजेक्शनही देऊ शकतो. डोस वजनावर ठरतो तो त्यांनाच ठरवू द्या. टेट्रासायक्लिन सगळीकडे सहज सुचवली जाते, पण ती पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटते, जड पाण्यात तिचा उपयोग फारच कमी होतो, आणि एप्सम टाकलेल्या टँकमध्ये तर तुम्ही स्वतःच मॅग्नेशियम वाढवलेलं असतं. पाण्यातून औषध द्यायचंच ठरलं तर फिल्टरमधला कार्बन काढा (तो औषध शोषून घेतो), यूव्ही दिवा असेल तर बंद करा, रोज अमोनिया मोजा, कोर्स मध्येच सोडू नका आणि दोन-तीन औषधं एकत्र करू नका. मिथिलीन ब्लू मेन टँकमध्ये अजिबात नाही, फिल्टरचे बॅक्टेरिया मरतात आणि काचांच्या जोडांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं.

एक स्वतःसाठी पण लक्षात ठेवा, डोळे बाहेर येणं कधी कधी माशांच्या टीबीमुळेही होतं आणि तो जंतू हातावरच्या जखमेतून माणसाला लागू शकतो, म्हणून हाताला चीर असेल तर ग्लोव्ह घाला.

किती दिवस लागतील? पडदा साधारण आठवड्यात पातळ व्हायला लागतो, सूज मात्र हट्टी असते, तिला तीन-चार आठवडेही लागतात. रोज एकाच बाजूने, एकाच अंतरावरून फोटो काढा, नाहीतर रोज बघून फरक कळत नाही आणि धीर सुटून माणूस परत काहीतरी ओततो. अगदी वाईटात वाईट डोळा गेला तरी मासा जात नाही, वासावर आणि अंगाच्या बाजूच्या रेषेतून पाण्याची हालचाल ओळखून तो खाणं शोधतो.

माझ्याचा डावा डोळा पाणी सुधारल्यावर आठ दिवसांत स्वच्छ झाला. उजव्याला सव्वा महिना लागला, त्यात अजून मोहरीएवढा पांढरा ठिपका आहे. आता तो पेलेट (खाण्याचे दाणे) घ्यायला येताना आधी थोडा वळतो, डावी बाजू माझ्याकडे करतो आणि मग तोंड उघडतो, म्हणून मीही पेलेट त्याच बाजूला टाकतो.