पीक कर्जातून पाया खोदू नका : घर आणि व्याज सवलतीच्या प्रश्नांना उत्तरे

घरकुल हा माझ्या खात्याचा विषय नाही. तरी सोयाबीन विकून हातात पैसा आला की हे प्रश्न कृषी कार्यालयातच येतात, कारण घराचा खर्च शेवटी पीक कर्जाच्या खात्यातून निघतो आणि पुढच्या पेरणीला तोच शेतकरी खत-बियाण्यासाठी उधारी शोधत फिरतो. आलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतो.

प्रश्न : साडेतीन एकर जिरायत आहे. पीक कर्ज १ लाख २० हजार मंजूर आहे. त्यातून घराचा पाया आणि जोते उरकून घेऊ का? सिमेंट-लोखंडाचा दुकानदार म्हणतो, पीक कर्जाला व्याजच नाही, तेच वापरा.

उत्तर : नाही. दुकानदार अर्धेच सांगतो. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्राचे ३ टक्के आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचे ३ टक्के सुटतात, म्हणून व्याज जवळजवळ शून्यावर येते. पण कोणाला? मुदतीत पूर्ण फेड करणाऱ्याला. राज्याच्या सवलतीसाठी ३० जूनची तारीख आहे. तुमच्या कर्जाची देय तारीख बँकेच्या खात्यावर लिहिलेली असते, ती वेगळी बघून घ्या. पिकात घातलेला पैसा पिकाबरोबर परत येतो. जोत्यात घातलेला पैसा फेडीच्या वेळी कुठून काढणार? तारीख हुकली की तुमच्या रकमेवर वर्षाची ७,२०० रुपयांची सवलत गेली. त्यानंतर थकीत रकमेवर बँकेचे नेहमीचे व्याज लागते. खाते थकले की नवे पीक कर्ज अडते. मग जूनमध्ये बियाणे-खत उधारीवर, त्या उधारीचा भाव दुकानदार ठरवणार आणि मालही त्यालाच घालावा लागणार. असे झालेले शेतकरी मी दर तालुक्यात पाहिले आहेत. पाया घरासमोर उघडा पडलेला असतो, सळया गंजलेल्या असतात आणि सातबारावर बोजा असतो.

पीक कर्ज ज्या किसान क्रेडिट कार्डावर मिळते, त्यात घरखर्चासाठी जागा आहे, नाही असे नाही. मर्यादा काढताना पिकाच्या खर्चावर १० टक्के घरगुती गरजेसाठी आणि २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी धरतात. तुमच्या १ लाख २० हजारांत घरगुती वाटा नऊ हजारांच्या आसपास येतो. त्यात पत्रे बदला, गळती काढा. पाया होत नाही.

आता जे दुकानदार सांगत नाही ते ऐका. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या, म्हणजे घरकुलाच्या, निकषांत ५० हजार किंवा जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असलेले कुटुंब बाद होते. पाच एकर किंवा जास्त जिरायत, अडीच एकर किंवा जास्त बागायत असली तरी बाद. तुमची जमीन निकषात बसते, कार्ड बसत नाही. हे माहीत नसताना घरकुल येणारच या भरवशावर जुने घर पाडून बसलेले लोक आहेत. यावर गावात एक युक्ती सांगतात, की कार्डाची मर्यादा घटवून घ्या आणि यादीत नाव लावा. करू नका. दरवर्षीच्या पेरणीचा पैसा कापून एकदाच मिळणाऱ्या घरकुलाच्या १ लाख २० हजारांच्या मागे लागणे मला पटत नाही. उलट घरकुल मंजूर असेल आणि कोणी कार्डाची मर्यादा वाढवून देतो म्हणाला, तर आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा.

प्रश्न : सरकारी व्याज सवलतीचे गृहकर्ज खेड्यात मिळते असे एक एजंट सांगतो. फाइलचे पाच हजार मागतो. द्यावेत का?

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. हिशेब करा. घरकुलात न बसणाऱ्या ग्रामीण कुटुंबांसाठी केंद्राने जानेवारी २०१७ मध्ये व्याज अनुदान मंजूर केले, ते २ लाखांपर्यंतच्या मुद्दलावर ३ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ६,००० रुपये, महिन्याला ५००. एजंट त्यातले दहा महिने आधीच खिशात घालतो. आज तुमची बँक हे अनुदान देते का, ते शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी ‘होईल’ला किंमत नाही. घरकुल मंजूर झालेल्याला हवे असेल तर ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे, तीही पंचायत समितीमार्फतच विचारा.

एजंट ज्या मोठ्या आकड्याची जाहिरात दाखवतो, १ लाख ८० हजारांची, ती योजना शहरी आहे. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.०, सप्टेंबर २०२४ पासून. कर्ज २५ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्के घर नको; पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, पाच वार्षिक हप्त्यांत. गाव नगरपंचायतीत गेले असेल किंवा विकास प्राधिकरणाच्या अधिसूचित हद्दीत आले असेल तर जरूर चौकशी करा. अशा गावांतल्या शेतकऱ्यांना हे कोणी सांगत नाही. बाकी गावांना ही लागू नाही, एजंटने कितीही शपथा घेतल्या तरी.

आणि हे पुन्हा सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो : अनुदान हातात येत नाही. ते कर्ज खात्यात जमा होते, तेही मागाहून. तोपर्यंत हप्ता पूर्ण भरावा लागतो. अनुदान वजा करून हप्त्याची ऐपत काढू नका.

प्रश्न : ऊस आणि थोडी हळद आहे. घरासाठी ४ लाख लागतात, पण बँक ६ लाख देते आहे, सवलत आहे तर घेऊन टाकू का? एका फायनान्सवाल्याचा दर १० टक्के आहे, तो लगेच देतो.

उत्तर : युरियाची गोणी स्वस्त म्हणून एकराला दुप्पट टाकणारे आणि सवलत आहे म्हणून जास्त कर्ज उचलणारे एकाच माळेचे मणी. सवलत व्याजाच्या एका तुकड्यावर असते. मुद्दल सगळे तुम्हालाच फेडायचे असते. ९ टक्क्यांनी घेतलेला १ लाख वीस वर्षांत फेडला तर सुमारे २ लाख १६ हजार भरावे लागतात, दहा वर्षांत फेडला तर सुमारे १ लाख ५२ हजार. लागतात ४ लाख, तर ४ लाखच घ्या. वरचे २ लाख मोटारसायकल आणि लग्नात जातात, मला माहीत आहे.

फायनान्सवाल्याचे १० टक्के म्हणजे १० टक्के नव्हेत. विचारा : दर सपाट की घटत्या मुद्दलावर? सपाट दराने २ लाख पाच वर्षांसाठी घेतले तर व्याज १ लाख, हप्ता महिना ५,०००. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, पण व्याज पूर्ण २ लाखांवरच लागत राहते. घटत्या मुद्दलाने मोजले तर हाच दर १७ टक्क्यांच्या पुढे जातो. या उत्तरात काहीच लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढा प्रश्न विचारायला शिका.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे आणि तो मी सगळ्यांना सांगतो : हप्ता पिकाच्या पैशाला बांधा. उसाचे बिल महिन्याला येत नाही, मग हप्ता महिन्याला कशाला? सहामाही किंवा वार्षिक हप्ता शाखेत मागून घ्या, कारखान्याचे बिल आणि हळदीची विक्री ज्या महिन्यांत येते ते अर्जातच लिहा. शाखाधिकारी पहिल्यांदा नाही म्हणतो. पगारदाराचा तक्ता त्याच्या संगणकात तयार असतो. मागच्या तीन हंगामांच्या बिलांच्या प्रती जोडून पुन्हा जा. तेवढ्यावरही ऐकले नाही तर बिल आल्याबरोबर सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाका. ज्या वर्षी भाव चांगला मिळेल त्या वर्षी मुद्दलात जादा भरा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. दंड आहे असे सांगितले तर नियम लेखी मागा.

वेळेबद्दल थोडे. काम दिवाळीनंतर सुरू करा, विहिरीला पाणी असताना. स्लॅबला भरपूर पाणी लागते आणि एप्रिलमध्ये टँकर मागवून स्लॅब भिजवणे परवडत नाही. ‘भाव वाढणार’ म्हणून दुकानदार कर्ज मंजूर होण्याआधीच सिमेंट गळ्यात मारतो, ते घेऊ नका. बँक पाया, जोते, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांनी पैसे सोडते. एका टप्प्याला लागतील तेवढ्याच गोण्या आणा. भिंतीला टेकवून ठेवलेली गोणी ओल धरते, तीन महिन्यांनी ताकद उतरलेली असते, आणि हाताला गोळे लागले की ती स्लॅबला वापरायची नाही.

बँकेत जाताना जागेचा कागद आधी तपासा. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टी आकारणीचा उतारा) आणि स्वामित्व योजनेत गावठाणाच्या मोजणीनंतर मिळणारे मालमत्ता पत्रक, शेतात बांधणार असाल तर बिनशेतीचे काय ते तलाठ्याकडे अगोदर विचारा. नुसत्या सातबारावर गृहकर्ज सहसा अडते. मंजुरीपत्र हातात आल्यावर व्याजदर, हप्त्याचे महिने, विम्याची रक्कम आणि अनुदानाचा उल्लेख या चार जागी बोट ठेवून वाचून घ्या. विमा न विचारता जोडला असेल तर तो काढून द्या म्हणा. कोऱ्या चेकवर सही करू नका, ‘फक्त फाइलसाठी’ म्हटले तरी.