वाचकांचे प्रश्न : मुंबई बंदराचा जुना सागरी नकाशा

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या लाकडी पेटीत मुंबई बंदराचा एक मोठा इंग्रजी नकाशा गुंडाळून ठेवलेला सापडला. कागदाच्या पाठीला निळा कागद चिकटवलेला आहे. शीर्षकाचा कोपरा फाटल्यामुळे वर्ष आणि प्रकाशकाचे नाव गेले आहे, परंतु 'बॉम्बे हार्बर' ही अक्षरे आणि त्याखालचे 'बॉम्बे मरीन' हे शब्द वाचता येतात. कुलाबा मुंबईपासून सुटे बेट म्हणून दाखवले असून त्याच्या दक्षिण टोकाला दीपगृह आहे. कोटाच्या भिंती स्पष्ट आहेत, पण बाकीचे शहर जवळजवळ कोरे आहे आणि समुद्र मात्र आकड्यांनी भरलेला आहे. वरच्या कडेला डोंगरांचे एक लांबट रेखाचित्र आहे. पाण्यावर काही ठिकाणी पेन्सिलीच्या रेघा आहेत. नकाशा किती जुना असावा, आणि या रेघा पुसून घ्याव्यात का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान भरून येणार नाही. पेन्सिलीच्या रेघा कृपा करून पुसू नका. छापील नकाशाच्या अनेक प्रती निघतात, परंतु एखाद्या जहाजावर बसून कोणी अधिकाऱ्याने आखलेला मार्ग, किनाऱ्यावरच्या खुणेकडे धरलेली दिशा किंवा नव्याने कळलेल्या खडकाची हाताने केलेली नोंद ही त्या एकाच प्रतीवर असते. आपला नकाशा दिवाणखान्यात लावण्यासाठी नव्हे, तर जहाज हाकण्यासाठी वापरला गेला, याचा तो पुरावा आहे.

पाठीचा निळा कागदही हेच सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनमधील खासगी नकाशा-प्रकाशक आपले सागरी नकाशे जाड निळ्या कागदावर चिकटवून विकत असत, म्हणजे ते वारंवार गुंडाळले, उलगडले आणि दमट हवेत वापरले तरी फाटू नयेत. व्यापारी जहाजांचे कप्तान असे नकाशे स्वतःच्या खर्चाने विकत घेत. ब्रिटिश नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय १७९५ साली स्थापन झाले आणि ईस्ट इंडिया कंपनीकडे त्याआधीपासून, १७७९पासून, अलेक्झांडर डॅलरिंपल हे जलसर्वेक्षक होते. तरीही खासगी प्रकाशकांचे निळ्या पाठीचे नकाशे पुढे दीर्घकाळ चालत राहिले.

आता वयाविषयी. वर्ष फाटून गेले असले तरी नकाशाचा काळ त्यात काय आहे आणि काय नाही, यावरून बऱ्यापैकी ठरवता येतो. कुलाबा आणि मुंबई यांना जोडणारा रस्ता १८३८ साली पूर्ण झाला, त्यामुळे कुलाबा सुटे दाखवणारा सर्वेक्षणाचा भाग त्याआधीचा असला पाहिजे. 'बॉम्बे मरीन' हे कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरील आरमाराचे नाव होते आणि १८३० साली ते बदलून 'इंडियन नेव्ही' असे झाले, म्हणून सर्वेक्षण करणाऱ्याच्या हुद्द्यात जुने नाव असेल तर वरची मर्यादा आणखी आठ वर्षांनी खाली येते. कुलाब्याचे दीपगृह अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, तेव्हा खालची मर्यादा तिथे लागते. ती आणखी वर आणायची असेल तर दोन ठिकाणे भिंगातून पाहा. पहिले म्हणजे महालक्ष्मी आणि वरळी यांमधली खाडी: हॉर्नबी वेलार्ड नावाने ओळखला गेलेला बांध १७८०च्या दशकात पूर्ण झाला, आणि तो असेल तर भरतीचे पाणी आत शिरताना दिसणार नाही. दुसरे ठिकाण कोटाच्या पूर्वेकडच्या गोद्यांचे. तिथे जुन्या बॉम्बे डॉकशेजारी डंकन डॉक दाखवला असेल तर नकाशा १८१०च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा आहे. तो सापडला तर आपला नकाशा १८१० ते १८३० या दोन दशकांतल्या सर्वेक्षणावर आधारलेला आहे, असे मी बऱ्याच विश्वासाने म्हणेन.

मात्र सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष एक नसते. हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात आणि चांगला पत्रा कित्येक वर्षे वापरात राही. दुरुस्ती करायची झाल्यास कोरक्या पत्र्याचा तेवढा भाग मागून ठोकून वर आणी, पुढून घासून सपाट करी आणि तिथे नवी खूण कोरी. त्यामुळे एकाच कागदावर तीस वर्षांपूर्वीची खोली आणि परवाचे दीपगृह शेजारी नांदू शकतात. झिजलेल्या, फिकट रेघांच्या मधोमध एखादी खूण जास्त काळी आणि धारदार दिसली, तर ती नंतरची भर समजावी. आपल्या नकाशाच्या छपाईचे वय त्यावरच्या सर्वांत नव्या खुणेइतके किंवा त्याहून कमी आहे, सर्वांत जुन्या खुणेइतके नव्हे. या दृष्टीने तीन खडकांकडे आणि एका बेटाकडे लक्ष द्या: डॉल्फिन रॉकवरचे दीपगृह १८५६ सालचे, आपल्या समोरच्या खांदेरीवरचे १८६७चे, प्राँग्ज रीफवरचे १८७५चे आणि संक रॉकवरचे १८८४चे आहे. यांपैकी एकही दिवा नकाशावर नसेल तर छपाईसुद्धा बरीच जुनी असण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणतो, कारण एखादी गोष्ट नकाशावर नसणे हा ती असण्याइतका भक्कम पुरावा नसतो. त्यातही दिव्याची अनुपस्थिती इमारतीच्या अनुपस्थितीपेक्षा अधिक बोलकी आहे: नकाशा विकणारा एखादी नवी वखार वगळू शकत होता, पण नवा दिवा वगळलेला नकाशा कोणता कप्तान विकत घेईल?

शहर कोरे आणि समुद्र भरलेला, ही आपली तक्रार वाटते. माझ्या मते तेच या नकाशाचे खरे सौंदर्य आहे. मुंबईच्या जुन्या नकाशांकडे आपण बहुधा सात बेटे कशी जोडली गेली ते शोधण्यासाठी पाहतो, म्हणजे जमिनीकडूनच पाहतो. हा नकाशा ज्याच्यासाठी काढला तो माणूस उलट दिशेने येत होता. त्याला क्रॉफर्ड मार्केटच्या जागी त्या वेळी काय होते याच्याशी कर्तव्य नव्हते. नैऋत्येला कुलाब्यापुढे पाण्याखाली पसरलेला प्राँग्जचा खडक आणि दक्षिणेला थळच्या बाजूचा खडकाळ उथळा, या दोन्हींपासून अंतर राखून जहाज आत घ्यायचे, मग संक रॉक चुकवायचा आणि चिखलाचा तळ असलेल्या पुरेशा खोल पाण्यात नांगर टाकायचा, एवढीच त्याची गरज होती. जमिनीवरचे तेवढेच दाखवले आहे जे समुद्रातून दिसते आणि ज्यावर नजर रोखून दिशा धरता येते: दीपगृह, कोटाचा बुरूज, चर्चचा मनोरा, टेकडीचा माथा, निशाणकाठी.

आकडे बहुधा फॅदममध्ये असतील. एक फॅदम म्हणजे सहा फूट, सुमारे १.८३ मीटर, आपल्याकडचे मच्छीमार ज्याला वाव म्हणतात ते जवळजवळ हेच माप. प्रत्येक आकड्यामागे एक होडी, शिशाचे वजन बांधलेली खुणांची दोरी आणि ती फेकून मोजणारा खलाशी आहे. वजनाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे, म्हणजे तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. आकड्यांजवळची बारीक इंग्रजी अक्षरे ही त्या तळाची नोंद आहे. नांगर चिखलात धरतो आणि उघड्या खडकावर घसरतो, म्हणून ही अक्षरे खोलीइतकीच मोलाची होती. होडी नेमकी कुठे आहे हे किनाऱ्यावरच्या ठळक खुणांमधले कोन सेक्स्टंटने मोजून ठरवले जाई. मुंबई बंदराएवढ्या पसाऱ्यात ही मोजणी किती चिकाटीची असेल याचा विचार केला, की प्रत्येक आकड्याविषयी आदर वाटतो.

शीर्षकाजवळ किंवा समासात भरती-ओहोटीची टीपही असेल. खोलीचे आकडे सामान्यतः उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, ओहोटीला उरणाऱ्या पाण्याचे देतात, म्हणजे सर्वांत वाईट स्थिती गृहीत धरून. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार मीटरांच्या आसपास फरक पडू शकतो आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत तो बराच कमी होतो. हा फरकच मुंबईच्या जहाजबांधणीला उपयोगी पडला. इथल्या कोरड्या गोद्यांत मोठे जहाज घ्यायचे किंवा बाहेर काढायचे तर उधाणाची भरती साधावी लागे, आणि याच गोद्यांत वाडिया घराण्याने ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. १८१७ साली इथे जलावतरण झालेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहायला मिळते.

वरच्या कडेचे डोंगर ही सजावट नाही. दुरून येणाऱ्या जहाजावरून क्षितिज कसे दिसेल याचे ते चित्र आहे, आणि त्यातले उंच माथे खाली दिलेल्या नावांनी ओळखायचे असत. तिथे 'फनेल हिल' असे लिहिलेले आढळले तर तो कर्नाळ्याचा सुळका आहे. 'नीट्स टंग' हा तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा डोंगर. 'केनेरी' आणि 'हेनेरी' ही आपली खांदेरी-उंदेरी. ज्या खांदेरीवर १६७९ साली शिवाजी महाराजांनी तटबंदी उभारायला घेतली आणि जिच्या पाण्यात इंग्रजांच्या जहाजांशी झुंज झाली, ती या कागदावर मुंबईत शिरण्यापूर्वी ओळखायची एक खूण म्हणून येते. अलिबागच्या माणसाने हा नकाशा उलगडून आपल्या किनाऱ्यावरची नावे एकेक करून ओळखावीत आणि ती कोरी वही घेऊन उतरवून ठेवावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे. थळ, चौल, करंजा ही गावे इंग्रजी कानांनी कशी ऐकली, याची ती चांगली नोंद होईल.

प्रश्न : माझ्याकडे मुंबई किनाऱ्याचा एक फ्रेंच सागरी नकाशा आहे. रेखांश आजच्या नकाशांशी जुळत नाहीत, सर्वत्र सुमारे दोन अंशांचा फरक पडतो. हा नकाशा चुकीचा की बनावट? शिवाय कागद पिवळा पडून कडा तुटू लागल्या आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फरक नेमका २ अंश २० मिनिटांच्या आसपास असेल तर ती चूक नव्हे, उलट नकाशा अस्सल असल्याच्या बाजूची खूण आहे. फ्रेंच नकाशे रेखांश पॅरिसपासून मोजत आणि पॅरिस ग्रिनिचच्या तेवढेच पूर्वेला आहे. म्हणून ग्रिनिचपासून ७२ अंश ५० मिनिटांच्या जवळपास असलेली मुंबई फ्रेंच नकाशावर ७० अंश ३० मिनिटांच्या जवळपास येते. शून्य रेखांश म्हणून ग्रिनिचला आंतरराष्ट्रीय मान्यता १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत मिळाली आणि फ्रान्सने त्यानंतरही काही दशके पॅरिसच धरून ठेवले. नकाशा लहान, पुस्तकाच्या पानाएवढा असेल तर झाक निकोला बेलँ यांचे नाव त्यावर शोधा. फ्रेंच नौदलाच्या नकाशा-संग्रहासाठी काम केलेल्या या जलसर्वेक्षकाने १७६४ साली पाच खंडांचा छोटा सागरी ॲटलास काढला होता आणि त्यातली पाने सुटी करून जगभर विकली गेली आहेत.

अस्सलपणाची घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. दहापट भिंगातून रेघ पाहा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली रेघ अखंड असते आणि तिची शाई कागदावर किंचित उठलेली जाणवते. आधुनिक छपाईची प्रतिमा बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते. कागद प्रकाशासमोर धरल्यावर समांतर रेषांची जाळी दिसली तर तो हातकागद असण्याची शक्यता आहे, आणि पुस्तकातून काढलेल्या पानाच्या चारही बाजूंना पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसाही बहुधा सापडतो.

लॅमिनेशन मुळीच करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपही लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी डाग होऊन कागदात मुरतो. तज्ज्ञ संवर्धक तुटलेल्या कडा पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून जोडतात, आणि ती दुरुस्ती गरज पडल्यास ओलसर करून सोडवता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करावी. तोवर नकाशा आम्लविरहित कागदाच्या घडीत, सपाट, उन्हापासून दूर ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली चौकट हा कागदाचा सर्वांत मोठा शत्रू आहे; चौकट करायचीच असेल तर काच कागदाला टेकू देऊ नका आणि मागे प्लायवुड घालू नका, कारण त्यातले आम्ल कागदात उतरते.

प्रश्न : माझ्या आईवडिलांच्या पुण्यातील घरी मुंबई बंदराचा एकोणिसाव्या शतकातील नकाशा आहे. पुढच्या भेटीत मी तो अमेरिकेला घेऊन जाऊ शकते का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तसे बॅगेत घालून नेऊ नका. १९७२ सालच्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक महत्त्वाचे हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावशेष ठरू शकतात, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था यांनाच आहे. आपला नकाशा या व्याख्येत बसतो की नाही हे विमानतळावर नव्हे, तर आधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ठरवून घ्यावे लागते. बसत नसेल तर तसे प्रमाणपत्र मिळते. परवानगी मिळाली नाही तर उच्च दर्जाचे स्कॅन करून प्रत न्या आणि मूळ नकाशा इथल्या एखाद्या संग्रहाला देण्याचा विचार करा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जुन्या नकाशांचा संग्रह आहे. देताना नकाशा घरात कसा आला, कोणाकडे होता आणि त्यांचा बंदराशी काय संबंध होता, हे आईवडिलांना विचारून लिहून सोबत जोडा, कारण ही माहिती कागदावर कुठेही छापलेली नसते आणि ती सांगू शकणारी माणसे आज आपल्या घरात आहेत.